धमकी देऊन ‘येतो’ म्हणणारा

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी हसूच येतं. याची मला लाज वाटत नाही.

परवा मुलीने अमरावतीच्या घरी एक ब्रिटिश सिनेमा लावला. त्यातला मारेकरी खून करायला घरात शिरतो आणि दारात पायपुसण्यावर बूट पुसतो. मी पोट धरून हसलो. शेजारचे मास्तर म्हणाले, “पोलिसवाल्याने गुन्ह्यावर हसावं का? आणि असे गुन्हेगार असतात तरी कुठे?”

असतात, मास्तर. अशा एकाला मी बेड्या घातल्या आहेत.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. वलगावचे एक म्हातारे फुलवाले झेंडू घेऊन बाजारात गेले, ते परतलेच नाहीत. त्यांना साखरेचा आजार, आणि रोजचं इंजेक्शन घरीच राहिलेलं. दुपारी त्यांच्या बायकोला फोन आला: पैसे तयार ठेवा, नाहीतर म्हातारा जिवंत दिसणार नाही. मोबाइल चोरीचा निघाला. टॉवर पातूरकडचा दिसला, पण फोन लगेच बंद झाला.

तेवढ्यात खबर मिळाली, की त्यांच्या मालवाहू ऑटोच्या ड्रायव्हरचं त्यांच्याशी आदल्या दिवशी भांडण झालं होतं. ड्रायव्हर अचलपूरचा, काटकुळा माणूस. त्याला ठाण्यात आणलं.

“साहेब, मी बाबाले बाजारात उतरवलं अन् निंगून गेलो. मले कावून धरून राहिले?”

खोटं बोलणारा दर वेळी थोडं जास्त सांगतो. याचं उत्तर तीनदा विचारलं तरी तेवढंच राहिलं. वरिष्ठ म्हणाले, अटक दाखवा, रिमांड घ्या, दोन पडल्या की बोलेल. मी सांगितलं, पुरावा नाही, मी सही करणार नाही. ते म्हणाले, बदली होईल. म्हटलं, होऊ द्या.

सुदैवाने त्या बाईंच्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होत असे. मी आणि हवालदार ऐकत बसलो. सगळी धमकी दमदाटीच्या हिंदीत होती, “काट के फेक देंगे” पर्यंत. आणि फोन ठेवताना आवाज एकदम मऊ झाला: “बरं, येतो मामी.”

आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत. लहानपणापासून जिभेला तेच वळण असतं. बिचाऱ्याची जीभ ऐन वेळी घरी परतली.

मी तडक वलगाव गाठलं आणि बाईंना ते ऐकवलं.

“गावात मले सारे काकू म्हंतेत. मामी म्हननारा एकच हाये. आमच्या यायच्या बहिनीचा पोरगा.”

“मग दुपारीच का नाही सांगितलं?”

“माह्या हातचं खाऊन मोठा झाला तो, साहेब. त्याचं नाव कसं घ्याव?”

मला राग आला. “तिकडे बाबा इंजेक्शनवाचून आहेत, आणि इकडे एक गरीब माणूस ठाण्यात बसलाय,” मी म्हणालो. तेव्हा त्यांनी भाच्याच्या पातूरच्या शेताचा पत्ता सांगितला.

पातूर ठाण्याची माणसं घेऊन आम्ही शेतातल्या खोलीवर धाड घातली. म्हातारे अर्धवट शुद्धीत होते. डोक्याखाली उशी होती आणि शेजारी शिऱ्याची रिकामी ताटली. मामाला उपाशी ठेवायचं नाही म्हणून भाच्याने साखरेच्या पेशंटला शिरा चारला होता. आणखी उशीर झाला असता तर ते वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

चौकशीत मी विचारलं, “धमकीच्या फोनवर ‘येतो’ कशाला म्हणालास?”

“मोठ्या मानसाचा फोन तसाच ठेवाव का, साहेब?”

हवालदाराने तोंड भिंतीकडे केलं. मीही हसलो.

तर मास्तर, मी हसलो आणि हसणार. गुन्हेगार म्हणजे कुणी राक्षस असतो असं समजणारा माणूस राक्षस शोधत बसतो, आणि तो सापडला नाही की काटकुळ्या ड्रायव्हरला रिमांडमध्ये पाठवतो. गुन्हा करतात ती आपल्यातलीच माणसं, मामीच्या हातचं खाल्लेली. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

ड्रायव्हरला सोडलं तेव्हा त्याने हात जोडले. “येतो, साहेब.”

“इथे येऊ नको,” मी म्हणालो. “जातो म्हण.”

तो उंबऱ्यावर थांबला. दोनदा तोंड उघडलं, पण जीभ काही वळेना. शेवटी काही न बोलताच निघून गेला.