घरी कोण ऐकतं?

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या बाजारात मेथी निवडत होतो. "दादा, हरेश गेला. हार्ट अटॅक," एवढंच त्याचा थोरला भाऊ बोलला. जुडी परत ठेवून मी तसाच दातिवऱ्याला निघालो. याला आता पाच आठवडे झाले.

तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही वीस वर्षं पाइपांचं वेल्डिंग केलं. मी साताऱ्याकडचा, तो दातिवऱ्याचा कोळी. सुट्टीच्या दिवशी हा पठ्ठ्या मोटारसायकलींचे आणि होड्यांचे हेडर बनवायचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप. त्यांची मापं जमली की आवाज गोड होतो, म्हणायचा. किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्यात धुवायची, कढईत भाजायची, पाइपात ठासायची आणि मग पाइप तापवून वाकवायचा, म्हणजे तो चेपत नाही. मला हे सगळे रिकामटेकडे उद्योग वाटायचे आणि तसं मी तोंडावर सांगायचोही.

एकदा त्याने भावाच्या होडीला नवा हेडर बसवला, चारही पाइप एका मापाचे. आधी अडखळत येणारी होडी एकसारखी गुरगुरत आली, बंदरावर सगळे खूश. दुपारी आम्ही दोघं हरेशच्या घरी गेलो तर त्याची आई ओट्यावर बसलेली. तिला दिसत नाही. आपल्या होडीचा आवाज आला की ती भात टाकायची, ही तिची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी चूल थंड होती.

"सगल्यांच्या होड्या आल्या," ती म्हणाली, "आपलीच नाय आली रे..."

होडी येऊन दोन तास झाले होते. हरेश तिच्यापुढे खालीच बसला. "आलीय, आये. मीच आवाज बदलला." दुसऱ्याच दिवशी त्याने एक पाइप कापून, मधे तुकडा जोडून वीतभर वाढवला. होडी पुन्हा पहिल्यासारखी अडखळू लागली. मी त्याला चिडवलं नाही.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "घरी कोन ऐकतं?" पालघरहून येणारी कॉलेजची पोरं हसायची. पण शेवटचा टाका मारण्याआधी घरच्यांना आवाज ओळखू येतो का बघायला तो त्यांना एकदा घरापर्यंत गाडी नेऊन आणायला लावायचाच.

माझ्या मोटारसायकलला हेडर करायचं ठरलं तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, "मी एकटा, बाबा. कोण ऐकणार?"

त्याने स्वतःच्या गाडीचा पाइप मोजायला घेतला. "मंग माज्या गाडीच्या मापाचाच घ्या. आये ऐकंल."

खरंच, मी दातिवऱ्याला पोचेपर्यंत भात शिजायला लागलेला असायचा. माझ्यासाठी असं कोणी केलेलं नव्हतं.

परवा गेलो तेव्हा मात्र धीर होईना. दोन्ही गाड्यांचा आवाज एकच... गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत नेली. आई ओट्यावरच होती.

"ढकलत कशाला आणतोस रे? हरेशचा पाइप काढलास काय?"

"नाही, आये."

"मंग चालू कर. भात टाकायचा हाय."