अविनाशचा अल्पसा आजार

अविनाश गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावरून कळलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘श्री. अविनाश देवधर यांचे अल्पशा आजाराने निधन.’ अल्पशा... त्याला एड्स होता, चार वर्षं होता, आणि फळा लिहिणाऱ्यासकट साऱ्या टाउनशिपला ते ठाऊक होतं.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या शाळेत तो गणित शिकवायचा, मी संस्कृत. मूळचा ग्वाल्हेरचा, एकटा माणूस. गणपतीचं मखर तो करायचा, नाटकाचे पडदे तो रंगवायचा, भजनाला मंडळाची पेटी तो वाजवायचा आणि संध्याकाळी क्लबमागच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर मुलांना स्केटिंग शिकवायचा. चाळिशी उलटलेला हा मास्तर मागे न बघता उलटा सरकत जायचा, तेव्हा शिफ्ट सुटलेले कामगार सायकली थांबवून बघत राहायचे.

मग दवाखान्यातून कुणीतरी बातमी फोडली. आठवड्याभरात चौथऱ्यावर चारच मुलं उरली. कुणीतरी तो फिनेलनं धुऊनही घेतला. शाळेनं ‘प्रकृतीच्या काळजीपोटी’ त्याला वर्गातून काढून लायब्ररीत बसवलं. ज्यांची ढ मुलं त्याच्यामुळे बोर्डात पास झाली, ते त्याला बघून रस्ता बदलू लागले. हा रोग त्याला लागला कुठून, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. मी ते कधी विचारलं नाही, पण त्याबद्दल माझी पाठ थोपटायला नको. घरी आला की मी त्याला कागदी कपात चहा द्यायचे. “ताई, यात चहा लवकर निवतो,” एवढंच तो एकदा म्हणाला.

उरलेल्या चौघांत मंडळाच्या सेक्रेटरींची सई होती. हट्टी पोर, घरच्यांना जुमानत नव्हती. एका संध्याकाळी ती जोरात आपटली, गुडघा फुटला. अविनाश धावला. तेवढ्यात कडेला उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, “देवधर, हात लावू नका.” तो दोन पावलांवर थांबला. पुढे केलेले हात तसेच राहिले... मग तो तिच्यासमोर खाली बसला. “सई, इकडे बघ. आधी उजवा पाय टेकव.” रडत रडत ती आपली आपण उठली. आम्ही आठ-दहा मोठी माणसं तिथे नुसती बघत उभी होतो, सगळी शिकलेली.

शोकसभेत तेच सेक्रेटरी डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, “सरांचं मुलांवर जिवापाड प्रेम होतं.” आता कॉलेजात असलेली सई उठून सरळ बाहेर गेली. मी बसून राहिले. नंतर चहा-समोसे झाले, आणि मी समोसाही खाल्ला.

क्वार्टर रिकामं करायला त्याचा भाऊ आला, तेव्हा मी मदतीला गेले. मंडळाची बाजाची पेटी तिथेच होती. मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, “राहू दे हो, आपण नवी घेऊ.”

ती मी घरी आणून बैठकीत ठेवली. मला वाजवता येत नाही. संध्याकाळी भाता हलवून नुसता एक सूर धरून बसते. शेजारची खिडकी धाडकन लागते. मी सूर सोडत नाही.