आक्कानं मुंबईला कधी यावं

मुंबईला यायचं तर थंडीत यावं, असं माझ्या आईचं ठाम मत. घाम नाही, चिखल नाही, चौपाटीवर शाल पांघरून खुशाल बसावं. इतकी वर्षं मुंबईत काढलेल्या बाईचं म्हणणं मी प्रमाण मानलं, आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात शाळेत रजा टाकून तासगावकडे निघाले. काम एकच होतं. आईच्या थोरल्या बहिणीला, आक्कामावशीला, सोबत घेऊन यायचं.

आजी-आजोबा गेल्यावर मावशीचं घर हेच आईचं माहेर झालं होतं. दरवर्षी नागपंचमीला ती तिकडे जायचीच. पण अलीकडे गुडघ्यांनी असा दावा मांडला की एसटीची पायरीही चढवेना. मावशी मात्र आमच्या दारात एकदाही आलेली नव्हती. निघताना आई म्हणाली, "एकदा तरी माझ्या घरात, माझ्या हातचं जेवू दे तिला. नाहीतर राहूनच जायचं गं." आई असं कधी बोलत नाही.

मिरजेला सकाळी उतरले आणि पहिला गाढवपणा केला. स्टँडवर एका फेटेवाल्या आजोबांना विचारलं, "ही गाडी तासगावला जाते ना?"

"जाती की! बसा," म्हणाले, आणि स्वतःही शेजारी बसले. इकडच्या माणसांना परक्याला 'नाही' म्हणणं अगदी जिवावर येतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सांगलीच्या पुलाजवळ कंडक्टर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आवं बाई, ही आष्ट्याला चाललीया. तासगाव ऱ्हायलं तिकडं!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "आष्टाबी काय वाईट न्हाई."

कंडक्टर भला माणूस. मावशीला मुंबईला न्यायचंय म्हटल्यावर उतरवता उतरवता सल्लाही दिला. "कवाबी न्ह्या, पर मे म्हैन्यात नगं. मी गेल्तो. समुद्राच्या कडंला बसून लय घाम पुसला, बाकी काय बघितलं न्हाई."

तासगावपासून पुढे रिकाम्या पेट्या नेणारा ट्रॅक्टर मिळाला. पेटीवर बसून पदर सांभाळत मी धूळ खात चालले होते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मांडवाखाली हिरवेगार घड, आणि मध्येच उघडा माळ नि त्यावर मेंढरं. हवा अशी गोड की आईची थंडीची मुंबईही फिकी पडावी. ट्रॅक्टरवाल्यानं कुठं निघालात विचारलं. मी सांगितलं. तो एवढा हसला की ट्रॅक्टर चाकोरी सोडून बांधावर चढला.

"आक्कीला न्ह्याय आलाय? आत्ता? बागंत माल असताना?"

मावशी बागेतच सापडली. एका हातात डबडं, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडानं पाखरांना अस्सल शिव्या. मला पाहून डबडं टाकून धावत आली, माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आय कशी हाय तुझी? गुडघं?" पहिलं तेच विचारलं.

जेवायला भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज). मी तिसरी वाटी मागितली आणि तिथंच विषय काढला. मावशीचे यजमान, काका, फौजेतून निवृत्त झालेले. ते लगेच माझ्या बाजूनं उभे राहिले. "बंबई जायचं तर थंडीतच. बाकी मौसम बेकार."

"तुमी गप बसा," मावशी म्हणाली. "थंडी म्हंजे बागंचं बाळंतपण. धुकं पडलं की औषध मारा, पाखरं हाकला. फागणात माल निघतोय, मग बेदाणा वाळवायचा. चैतात छाटणी. वैशाखात पुतणीचं लगीन. मिरगाला पेरण्या. दसऱ्याफुडं परत छाटणी. सांग बाय, कवा येऊ?"

मला रडूच आलं. रागही आला. "मग आईनं काय करायचं? वाटच बघत बसायचं?" मी बोलून गेले. मावशी ताटं उचलून आत गेली.

संध्याकाळी तीच मला अंगणातल्या कडुनिंबापाशी घेऊन गेली. आडव्या फांदीला दोराचे जुने वण होते. "पंचमीला हितं झोका. तुझी आय शेंड्याची पानं तोडून आणायची. मी खालनं ढकलायची आन ती वरनं वरडायची, आक्का, जोरात! लेकरं झाली तरी तसंच." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "ती येत न्हाई तवापास्नं म्या दोर बांधला न्हाई."

तिसऱ्या दिवशी ती मला एसटीपर्यंत पोचवायला आली. पाटीत आधी पिकलेली द्राक्षं, वर ओलं फडकं. मी हिरमुसून पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात ती म्हणाली, "पंचमीला येती म्हणून सांग तिला."

"मावशी, श्रावणात? अगं, रस्ते पाण्यात, कपडे वाळत नाहीत, समुद्र बघायला जावं तर तोच अंगावर येतो! ती काय मुंबई बघायची वेळ आहे?"

"मी काय मुंबई बघाया येनार हाय व्हय? पंचमीला आमी जिमिनीला फाळ लावत न्हाई, येलीला कात्री लावत न्हाई. त्या दिशी बागबी मला आडवत न्हाई. आन पंचमीला लेक माहेराला येती. तिचं गुडघं नगं म्हणत्यात, तर माहेरानं काय हितंच बसून ऱ्हायाचं?"

गाडी सुटली. मी हात हलवत राहिले.

घरी पोचले तर आई दारातच. माझ्यामागे कोणी नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सांगितलं, "पंचमीला येणार आहे." पावसाबद्दल ती आता वाद घालणार, म्हणून मी तयारीतच होते. आईनं द्राक्षांची पाटी खाली ठेवली आणि मान वर करून छताकडे पाहिलं.

"तुझ्या पाळण्याची कडी आहे ना गं तिथं? दोर पेलेल?"

पंचमीला पावसानं मुंबईची दैना केली. मावशी आली ती निथळत, पदराखाली पुरणाच्या दिंडांचा (वाफवलेल्या पुरणाच्या घड्यांचा) डबा धरून. तिनं ना चौपाटी पाहिली, ना राणीची बाग. आईनं रांधलं, तिला पोटभर जेवू घातलं, आणि मग "या वयात कसला झोका!" म्हणत लाजून मागे सरली. मावशीनं दंडाला धरून तिला कडीला बांधलेल्या झोक्याच्या पाटावर बसवलं आणि हळूच ढकललं. खिडकीबाहेर पावसात समोरची चाळसुद्धा दिसत नव्हती.

आता कोणी विचारलं, मुंबईला कधी यावं, तर मी तो पाऊस आठवते, आणि दोन्ही हातांनी दोर धरून ओरडणारी माझी आई.

"आक्का, जोरात!"