डबलरोटी बिमाराची नव्हे

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास आमच्या करडी गावात डबलरोटी, म्हणजे पाव, फक्त बिमार माणसासाठी आणत. धडधाकट माणसानं भात खायचा. मी मात्र दर बाजाराले तुमसरले गेलो की स्टेशनजवळच्या भट्टीवरून गरम डबलरोटी घेत असे आणि कागदात गुंडाळून गावात आणत असे. तिच्या वरच्या लाल पापुद्र्याची चव मले भातात कधी सापडली नाही. हे सांगायची मले लाज नाही.

हातातला कागद पाहून लोक विचारत, "कोण बिमार आहे गा घरी?"

मी म्हणे, "कोणीच नाही. मले आवडते."

मोठ्या भावाले हे झोंबे. तो चारचौघांत म्हणे, "काहून रे, घरचा भात सरला का? लोकाले वाटते, आमी तुले उपाशी ठेवतो."

"वाटू दे. तुह्या ताटातलं नाही खात."

एका पावसाळ्यात मले ताप आला. भाऊ त्याच भट्टीची डबलरोटी घेऊन आला आणि बसलेल्या शेजाऱ्यांसमोर हसत म्हणाला, "घे, खाय. आता शोभते तुले."

वासानं तोंडाले पाणी सुटलं. पण ती खाल्ली असती तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. मी म्हटलं, "बिमाराची डबलरोटी मी खात नाही. पेज आण."

त्यानं ती उचलून गोठ्यात बैलापुढे टाकली.

ताप उतरल्यावर पुढच्याच बाजाराले मी डबलरोटी आणली आणि भाऊ ओसरीवर बसला होता, त्याच्यासमोर उभं राहून सगळी खाल्ली. तो उठून आत गेला. त्याले मी पुन्हा कधी हाक मारली नाही.