टेबलाखालची केबल
ड्रॉवरमध्ये ती पिवळी पडलेली केबल दिसली की हिमायतनगरचं घर आठवतं. ताईची ऑनलाइन मुलाखत तासाभरावर आली होती आणि मी तिच्या सारख्या अडकणाऱ्या लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकलं होतं. वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हरच गायब! तो शोधायला नेट हवं, आणि नेटला तोच ड्रायव्हर. ताई रडकुंडीला आली. "घाबरू नक्को, मी आहे ना," म्हणत मी माझा फोन केबलनं लॅपटॉपला जोडला. फोनवरून नेट आलं, ड्रायव्हरची फाइलही सापडली. पण ती उतरायच्या आतच मुलाखतीचा कॉल आला. फोनमध्ये केबल सैल बसत होती, म्हणून कॅमेऱ्यात न दिसता टेबलाखाली बसून मी ती शेवटपर्यंत दाबून धरली. वरून ताईचा खणखणीत आवाज येत होता, खाली तिचे पाय लटलट कापत होते. आज ऑफिसात सगळे तिला वचकून असतात. ते पाय पाहिलेला मी एकटाच.