मुका ड्रम

माझा दादा टीव्हीवर ड्रम वाजवतो असं कोणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. वाजवतो कसलं डोंबल! शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींसाठी दर आठवड्याला रॉक अँड रोलचा कार्यक्रम लागायचा. गाणी सगळी रेकॉर्डवरची, गायक नुसते ओठ हलवायचे आणि हॉलमध्ये बोलावलेली पोरं त्यावर नाचायची. दादाच्या ड्रममध्ये उशी कोंबलेली, झांजांना खालून रबर चिकटवलेलं. त्याने चकाकता कोट घालून हात तेवढे हलवायचे.

कार्यक्रमाचा कर्ताधर्ता म्हणजे साहेब, केसाने गळा कापणारा माणूस. "पुढच्या वेळी नक्की खरं वाजवू देतो," असं म्हणत त्याने दादाला वर्षानुवर्षं झुलवलं. दादा दिवसा वाद्यं दुरुस्त करायचा आणि त्याची बोटं हल्ली आखडायला लागली होती. अजून फार काळ वाजवता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"एकदा लोकांनी मला ऐकावं, बस्स," तो म्हणायचा.

"अरे, त्या साहेबाच्या अंगावर ड्रमच्या काठ्या भिरकाव आणि ये निघून," मी म्हणायचे. यावर दादा हसायचा, आणि मला त्या हसण्याचाही राग यायचा.

शेवटी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमासाठी साहेबाने होकार दिला. उशी निघाली, रबर निघालं. मी शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून टीव्हीसमोर बसवलं.

गाणं सुरू झालं. त्याची रेकॉर्ड मी झिजेपर्यंत ऐकली होती. आधी वाटलं, दादा अगदी हुबेहूब वाजवतोय. मग नाचणाऱ्या पोरांच्या पायांकडे लक्ष गेलं. पाय पुढे आणि गाणं मागे, एकाचाही मेळ बसेना.

"कुठून धरून आणलीत गं ही पोरं? ठेका म्हणून कळत नाही," काकू म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे हॉलमध्ये दादा खरंच वाजवत होता, रेकॉर्डपेक्षा जरा जलद, आणि पोरं त्याच्यावर नाचत होती. आम्हा घरी बसलेल्यांना मात्र रेकॉर्डच ऐकवत होते. दादाला त्याचा पत्ताही नव्हता.

कार्यक्रम संपल्या संपल्या मी साहेबाला फोन लावला.

"अहो ताई, थेट कार्यक्रमात एवढा धोका कोण पत्करणार? घरी बसून कोणाला काय कळतंय?" तो म्हणाला. "उलट तुमच्या दादांमुळे पोरं बेताल दिसली. उद्यापासून येऊ नका म्हणावं त्यांना."

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

दादा घरी आला तो घामाने निथळत. कोटही उतरवला नव्हता.

"ऐकलंस?" त्याने दारातूनच विचारलं.

हो म्हणायचं ठरवलं होतं, पण राग आला की मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगून टाकलं, काम गेल्याचंसुद्धा. तो खुर्चीत बसला आणि बोटं चोळत राहिला. मी साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"थांब जरा," तो म्हणाला. "सगळी पोरं चुकत होती?"

"सगळी."

"मागच्या रांगेतलीसुद्धा?"

"एकूण एक. त्या गाण्याशी कोणाचा काही संबंधच नव्हता."

"मग त्यांनी तरी ऐकलं," दादा म्हणाला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला.

त्याचं तेवढ्यावर भागलं. माझं नाही भागत.