दूध न सोसणारी लेकरं

"लहान बाळांच्या वॉर्डात कसले गं किस्से?" मैत्रिणी विचारतात. अगं, तिथंही साठतात! फक्त सांगताना आधी हसू येतं, मग गप्प व्हायला होतं. हिंगोलीत नर्स म्हणून मी पाहिलेली ही लेकरं. सगळ्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सगळ्यांना दूध बाधलेलं.

*

सेनगावकडचं बाळ. आतडं जन्मतःच बंद. नांदेडला ऑपरेशन होऊन आमच्याकडे आलं. डब्याचं दूध सुरू केलं आणि लंगोटात रक्त! बाप पांढराफटक. "सिस्टर, टाके उसवले का?"

टाके शाबूत होते. "गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतर काही बाळांना होते. डब्यातलं दूधही गाईचंच."

बापाचा जीव भांड्यात पडला. "मंग काहून घाबरवता साहेब? आमच्याकडं म्हशी हायत की!"

*

त्याच बाळाची आजी. म्हशीचं दूधही चालत नाही आणि आईनं खाल्लेलं तिच्या दुधातूनही बाधतं, म्हणून सुनेचं दूध-दही-तूप बंद केलेलं. तरी पुन्हा रक्त! शेवटी सुनेच्या उशाशी डबा सापडला. तुपातले डिंकाचे लाडू.

"तूप म्हंजे दूध हाय का?" म्हातारी तणतणली.

मी लंगोट दाखवला.  त्यानंतर ती सुनेच्या ताटातली प्रत्येक वाटी आधी स्वतः हुंगायची.

*

वसमतचं एक बाळ बरं होऊन घरी गेलं, आणि पोट फुगवून परत आलं. आजोबांनी गाईचं दूध पाजलं होतं.

"गाय आपली माय हाय साहेब. माय कशी बाधंल?"

डॉक्टरांनी बाळाला उचललं आणि थेट आत नेलं. बाळ वाचलं. आजोबा मात्र पुन्हा वॉर्डाच्या आत आले नाहीत, दाराशीच उभे राहायचे.

*

कनेरगाव नाक्याजवळची सविता, अशाच एका बाळाची आई. घरात दुभतं, तरी हिनं दुधाचा थेंबही वर्ज्य केला. बारशाचा पेढासुद्धा तोंडाला लावला नाही. बाळ अंग धरू लागलं. आम्ही दुसऱ्या आयांना तिचंच उदाहरण द्यायचो.

मग बाळाला जंतुसंसर्ग झाला. दुधाचा काही संबंध नव्हता. सकाळी ते गेलं.

नवरा बाळाला गावी न्यायला गाडी बघायला गेलेला. सविता बाकावर बसून होती. रडतही नव्हती. मी चहा आणून तिच्या हातात दिला. "घे बाई, दोन घोट घे."

तिनं कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"न्हाई सिस्टर, दुधाचा हाय. लेकराला तकलीफ होईल."